‘पार्टी’ शब्दाचं पान

केसरीनाथ तरे हा माणूस मला पहिल्यापासून आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्याबद्दल चार शब्द चांगले बोलणार आहे, ते कोणाला तोंडदेखले वाटायला नकोत.

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ आमचा यंत्रमागाचा कारखाना होता, चोवीस लूमचा. मी तिथे जॉबर होतो. लूम अडला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरायचं आणि तो चालू करूनच बाहेर यायचं, हे माझं काम. केसरीनाथ कापड तपासून घड्या घालायचा. मानकोलीहून सायकलवर यायचा, डबा खिडकीत ठेवायचा आणि लाकडी टेबलावर कापड पसरून पाळी संपेपर्यंत त्यावर नजर फिरवत उभा राहायचा. कुठे तार तुटलेली दिसली, तेलाचा डाग दिसला, की तिथे काठाला लाल दोरा बांधायचा आणि चिठ्ठी लिहायचा: लूम अमुक, कारागीर अमुक, वार अमुक, पाळी अमुक. शेठ एकदा त्याला म्हणाला, "अरे, डाग दिसला म्हणजे झालं. एवढं लिहितोस कशाला?" तर हा म्हणतो, "शेठ, कोनाच्या हातून, कुठं आन कवा, हे नसला तर नुसत्या डागाचा काय करायचा?" शेठ खूश झाला. कारागीर अर्थातच खूश नव्हते. आझमगढचा कारागीर निजाम त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघून म्हणायचा, "ये आदमी लिखता बहुत है." मला निजामचं पटायचं. लिहिणाऱ्या माणसाचा भरवसा मी कधी धरला नाही.

तसा भरवसा मी कोणाचाच धरत नसे. सासरहून पापड आले तरी मी मोजायचो. मागच्या खेपेपेक्षा कमी भरले तर का कमी, आणि जास्त भरले तर का जास्त, हा विचार मला दोन दिवस पुरायचा. माझी बायको कमळा म्हणायची, "तुमच्यापुढं देव उभा रायला तरी तुमी त्याला इचाराल, तुला कोनी धाडलाय?" मी म्हणायचो, विचारायला काय हरकत आहे?

केसरीनाथची एक वेगळीच गोष्ट होती. तो मॅट्रिकला इंग्रजीत चार मार्कांनी नापास झाला होता, वीस वर्षांपूर्वी. पेपरात एक प्रश्न असायचा: खालील शब्द प्रत्येकी दोन वाक्यांत असे वापरा की त्यांचे वेगवेगळे अर्थ स्पष्ट होतील. तो अख्खा प्रश्न त्याने कोरा सोडला. गाइडातली वाक्यं पाठ होती, पण ती सगळी राजाची, जहाजाची आणि बर्फाची. परीक्षेत ऐन वेळी एकही आठवलं नाही. "मी कवा बर्फ पडताना बघितला न्हाय, तो मना आठवंल कसा?" असं तो विचारायचा. वडील वारले, शेती भावांत वाटली गेली, हा लूममध्ये आला. पण तो कोरा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. अडतिसाव्या वर्षी त्याने ठरवलं की बाहेरून परीक्षेला बसायचं. कशासाठी, तर बढतीसाठी नाही, पगारासाठी नाही. तो प्रश्न लिहायचा म्हणून. असल्या कारणावर माझ्यासारख्याचा विश्वास कसा बसावा?

त्याने एक वही केली होती. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात तो इंग्रजी शब्द उतरवायचा, पण पुस्तकातले नाहीत. भिवंडीतल्या माणसांच्या तोंडात राहणारे. जेवणाच्या सुट्टीत मला कौतुकाने सांगायचा. "बघ दौलत, ड्युटी. तू बोलतंस, माजी ड्युटी पहिल्या पालीला हाय. शेठ बोलतो, सुतावरची ड्युटी वाढली. शब्द एक, पन तुजी ड्युटी संपली की तू घरी जातंस, आन त्याची ड्युटी सरकार घेऊन जातंय. आता ही दोन वाक्यं मी जलमात इसरनार न्हाय, कारन ती बोलनारी मानसा मना ठाव हायत." मग शिफ्ट. एक शिफ्ट म्हणजे पाळी, आणि दुसरी शिफ्ट म्हणजे बिऱ्हाड हलवणं. मी डब्यातली भाजी खात हो हो म्हणायचो. मला कळत होतं, पण माणूस एवढा उत्साहाने शब्द गोळा करतो तेव्हा तो शब्दांबरोबर दुसरंही काही गोळा करत असणार, असं मला वाटायचं.

पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी लागली आणि सगळी भिवंडीच माझ्यासारखी झाली. हॉटेलात माणसं चहा पिताना आधी शेजारच्या टेबलाकडे बघायला लागली. कारखान्यात मात्र मोकळेपणा होता, कारण चोवीस लूमच्या खडखडाटात एकाचं दुसऱ्याला ऐकू यायचं नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं, त्यामुळे मनातलं बोलायला लूमखात्याइतकी सुरक्षित जागा नव्हती. फक्त लाइट गेली की पंचाईत. सगळे लूम एका दमात थांबायचे आणि ओरडून बोलणाऱ्याचं वाक्य उघडं पडायचं. एकदा असंच झालं. निजाम कोणाच्या तरी कानात ओरडत होता आणि लाइट गेली. शांततेत त्याचे शब्द सगळ्यांनी ऐकले: "…पार्टी का आदमी है!" तो पांढराफटक पडला. खरं तर तो सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या माणसाबद्दल बोलत होता. आमच्याकडे जो व्यापारी सूत देतो आणि कापड विणून नेतो त्याला पार्टी म्हणतात. अमक्या पार्टीचा माल, तमकी पार्टी आली. पण त्या दिवसांत तो शब्द ऐकला की माणसाला आधी दुसरीच पार्टी आठवायची, झेंड्याची आणि सभेची. मी बघितलं तर केसरीनाथने टेबलाखालून वही काढली होती आणि तो लिहीत होता.

त्या दिवसापासून तो 'पार्टी'च्या मागेच लागला. जो भेटेल त्याला विचारायचा, "तुमी पार्टी कशाला बोलता? परवा काय बोल्लात? कुठं बोल्लात?" त्या वर्षात असं कोणी विचारतं का? माणसं त्याला टाळायला लागली. मी मात्र टाळलं नाही. मी नजर ठेवली, कारण मला एक गोष्ट लपवायची होती.

माझा मेहुणा सावळाराम, कमळाचा भाऊ, बी. ए. झालेला, लूमकामगारांच्या युनियनचं काम करायचा. नाक्यावर स्टुलावर उभा राहून भाषणं करायचा, त्यामुळे अख्खी भिवंडी त्याला तोंडाने ओळखायची. त्याच्यावर वॉरंट निघालं होतं. पिंपळासचं त्याचं घर दोनदा तपासून झालं होतं. तो राहनाळला एका बंद पडलेल्या गवताच्या वखारीत राहत होता. वखार माझी सासू राहीबाई हिच्या मानलेल्या भावाची. तो मुलाकडे मुंबईला गेला होता. राहीबाई गवत कापायच्या निमित्ताने जायची आणि भाकर देऊन यायची. मीही आठवड्यातून दोनदा जायचो. हे ठाऊक असलेली माणसं तीन: मी, कमळा, राहीबाई. सावळाराम हाती लागू नये, एवढी एकच गोष्ट त्या दिवसांत आमच्या घराला हवी होती. कमळा देवापुढे दुसरं काही मागत नव्हती.

डिसेंबरात एके दिवशी केसरीनाथ घडी घालता घालता मला म्हणाला, "दौलत, तुजा मेव्हना भाषनात पार्टी शब्द लय झकास वापरायचा रं. तुला एखादं वाक्य आठवतंय?" मी म्हणालो, "मना काय ठाव? मी कवा त्याची भाषनं ऐकली?" तो हसला. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. नंतर मी बरेच दिवस त्याचा अर्थ लावत होतो.

मग जानेवारीत मी त्याला राहनाळच्या तळ्याशी पाहिलं. मानकोलीला घरी जाणाऱ्या माणसाला राहनाळच्या तळ्याकडे वळायचं कारणच नाही. सायकल हातात धरून चालला होता, सावकाश, इकडेतिकडे बघत. मी झाडाआड थांबलो. तो गेल्यावर अर्ध्या तासाने मी वखारीत गेलो आणि सावळारामला विचारलं, "कोन आयला व्हता का?" तो म्हणाला, "कोण येणार इथे?" आणि डोळे पुस्तकात घातले. मला वाटलं, बिचाऱ्याला पत्ताही नाही की त्याच्यावर पाळत आहे.

आणि तिसरी गोष्ट. नाक्यावरच्या हॉटेलात केसरीनाथ एका परक्या माणसाबरोबर बसलेला दिसला. इस्त्रीची पँट, पायात काळे बूट, खिशाला पेन. तो माणूस एक कागद पुढे सरकवत होता आणि केसरीनाथ त्यावर सही करत होता. मी रस्त्यापलीकडून बघत होतो. आता सांगा, तुम्ही काय समजला असता? मला तर कोडं सुटल्यासारखं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. इतकी वर्षं लोक मला संशयी म्हणून हसत होते.

बावीस जानेवारी, गुरुवार. जेवणाच्या सुट्टीत केसरीनाथ हात धुवायला गेला तेव्हा मी टेबलाखालची वही उचलली आणि सुताच्या गोण्यांमागे जाऊन उघडली. 'पार्टी'चं पान शोधायला वेळ लागला नाही, सगळ्यात जास्त लिखाण त्याच पानावर होतं. वर इंग्रजीत शब्द, खाली दोन रकाने.

'एक. सूत देणारा, कापड नेणारा. "पार्टी आली, चहा सांग." शेठ, कारखाना, ४ नोव्हेंबर. "पार्टी का आदमी है." निजाम, लूम नंबर नऊ, लाइट गेली तेव्हा.'

'दोन. एक मत धरून एकत्र आलेली माणसं. "पार्टीवाले गप्प बसलेत." हॉटेलवाला, धामणकर नाका, ११ डिसेंबर.' आणि त्याच्या खाली, त्याच सुबक अक्षरात: '"पार्टीने मला सोडलं तरी मी पार्टीला सोडणार नाही." सावळाराम, राहनाळ, वखार, २० जानेवारी, मंगळवार.'

वीस जानेवारी म्हणजे परवा. नाव, गाव, जागा, वार, सगळं. ही वही ज्याच्या हाती पडेल त्याला दुसरा पत्ता विचारायची गरज नव्हती. वही मी सदऱ्याखाली खुपसली, पोट दुखतं म्हणून मुकादमाला सांगितलं आणि घरी गेलो. कमळा पाण्याला गेली होती. चुलीत निखारे होते. एकेक पान फाडून मी वही जाळली. पुठ्ठा जळायला वेळ लागला, पण तोही जाळला. मग परत कारखान्यात आलो, तर केसरीनाथ टेबलाखाली वाकून शोधत होता. सगळ्यांना विचारत होता. माझ्याजवळ आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "दौलत, माजी वही बघितलीस?" मी म्हणालो, "न्हाय बा." त्याचा चेहरा बघून माझी खात्रीच पटली. चोराच्या मनात चांदणं.

वही गेली तरी त्याच्या डोक्यातलं कसं जाळणार? त्याने पोलिसांना कळवलंही असेल. सावळारामला हलवलं पाहिजे, आणि ताबडतोब. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, कारखाने बंद. सकाळीच मी टांगा करून राहनाळ गाठलं. राहीबाई भाजी विकायला बाजारात गेली होती. सावळाराम दाढी करत होता.

"ऊठ," मी म्हणालो, "जागा फुटली. तुला वाड्याच्या एसटीत बसवतो. तिकडे माजा मावसभाऊ हाय."

"फुटली? कोणी सांगितलं?"

"ते इचारू नको."

"दौलतभाऊ, नाव सांगा. कोणावर संशय आहे तुमचा?"

मी नाव सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. एक शब्द बोललो असतो, 'केसरीनाथ', तर तो हसला असता आणि परत दाढी करायला बसला असता. पण मला त्याचाही भरवसा वाटत नव्हता. शिकलेला माणूस, कोणाला काय बोलून जाईल! म्हणालो, "आधी नीघ, मग सांगतो." बहिणीचा नवरा एवढा घाबरा होऊन सांगतोय म्हणून तो उठला. डोक्याला मफलर गुंडाळला आणि टांग्यात बसला.

नाक्यावर ही गर्दी. सुट्टीचा दिवस, कामगार घोळक्याने उभे, हॉटेलं भरलेली. मला वाटलं होतं गर्दीत कोण बघतंय. पण ती गर्दी कोणाची होती? ज्यांच्यापुढे त्याने स्टुलावर उभं राहून भाषणं केली त्यांचीच. टांगा थांबला तसा एकाने हात वर करून ओरडून सांगितलं, "अरे, सावळाराम आयला!" आनंदाने ओरडला बिचारा. त्याच्या मागे चार जण धावले. कोपऱ्यावर दोन शिपाई पान खात उभे होते, त्यांना नुसतं वळून बघावं लागलं. सावळाराम पळाला नाही. खाली उतरला, मफलर सोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ताईला सांभाळा." पाच मिनिटांत सगळं संपलं. मी मफलर धरून टांग्यात बसून होतो.

संध्याकाळी राहीबाई आमच्या घरी आली. रडली नाही. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "जावई, तुमी त्याला कशाला भाहेर काडला?"

"खबर व्हती, आई. जागा फुटली व्हती."

"कुनाची खबर?"

"पक्की खबर व्हती."

ती म्हणाली, "आता सांगते. त्या वखारीचा आजून एका मानसाला ठाव व्हता. मानकोलीचा केसरी. त्याची बायको मैना माज्याकडून भाजी घेते. चार मयने जाले, दर मंगलवारी येयाचा. सावला त्याला इंग्रजी शिकवायचा. एकटा पोर कवाड लावून बसायचा, येड लागायची पाली आली व्हती. त्याला कोन तरी बोलाया पायजे व्हता."

मी विचारलं, "मना का न्हाय सांगितला?"

"तुमाला?" राहीबाई म्हणाली. "तुमचा सभाव बघून सावलाच बोल्ला, दौलतभाऊंना सांगू नको, ते केसरीला सुखानं येऊ देनार न्हाईत."

कमळा आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. तिलाही ठाऊक होतं, हे मला तेव्हा समजलं. हॉटेलातला तो इस्त्रीवाला माणूस पुढे एका शाळेचा कारकून निघाला, बाहेरून बसणाऱ्यांचा परीक्षेचा फॉर्म भरून घ्यायला आलेला.

खरं सांगायची वेळ तीच होती. मी बोलणारही होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी केसरीनाथच राहीबाईच्या दारात गेला आणि तिच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "माजी वही चोरीला गेली. तिच्यात मी वखारीचा नाव लिवला व्हता." सावळाराम त्याला बजावायचा, नाव लिहू नकोस. पण याचं एकच: कोणी, कुठे, कधी, हे नसलं तर वाक्य खरं कशावरून? कापडाच्या चिठ्ठीची सवय. राहीबाईने त्याला उंबऱ्याबाहेर काढलं आणि परत येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग सगळं आपोआप जुळत गेलं. कोणा खबऱ्याने वही चोरली, जागा फुटली, दौलतला कुणकुण लागली, त्याने मेहुण्याला वाचवायचा प्रयत्न केला, पण नशीब आडवं आलं. हे मी रचलं नाही. लोकांनीच रचलं, मी फक्त गप्प बसलो. कारखान्यात माणसं माझ्या पाठीवर हात ठेवायला लागली. केसरीनाथ माझ्याकडे येऊन म्हणाला, "तू निदान धावलास तरी, दौलत." मी मान हलवली. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

तेरा महिने सावळाराम आत होता. तेरा महिने मी हे पोटात ठेवलं. केसरीनाथ परीक्षेला बसला नाही. भरलेला फॉर्म वाया गेला. त्याने दुसरी वही केली नाही आणि कोणालाही शब्द विचारला नाही. कापडाला लाल दोरा बांधायचा, पण चिठ्ठी लिहायचं बंद केलं. शेठ रागावला, तर म्हणाला, "डाग दाखवीन, शेठ. नाव न्हाय लिवनार." निजामसुद्धा एकदा मला म्हणाला, "इसको क्या हो गया है? पहले लिखता था तो अच्छा था." मी म्हणालो, मला काय माहीत. माणूस आतून वाळत चालला होता, आणि त्याला वाळवणारा मी त्याच्यापासून दहा पावलांवर पाना घेऊन फिरत होतो.

सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत सावळाराम सुटला. आमच्याकडे जेवायला आला. हात धुताना, कमळा आत असताना, मला हळूच म्हणाला, "दौलतभाऊ, एक विचारू? केसरीच्या वहीचं ताईने मला सांगितलं. पण चौकशीत मला वहीबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. वखारीबद्दलही नाही. त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं." तो माझ्याकडे बघत राहिला. "त्या दिवशी तुम्हाला खबर कोणी दिली?"

मी तांब्या खाली ठेवला. त्याला कळलं होतं. म्हणाला, "केसरीला सांगा. मला नाही सांगितलं तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत मी घडीच्या टेबलाशी गेलो. लूम चालू होते. मी केसरीनाथच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "तुजी वही मी नेली व्हती. मी जाळली."

त्याने मान वळवली. मला वाटलं आता हा टेबलावरची कात्री उचलणार, आणि उचलली असती तर मी हात वर केला नसता. पण त्याने माझा दंड धरला आणि मला ओढत बाहेर नळापाशी आणलं.

"कवा जाळलीस?"

"गुरुवारी."

"शुक्रवारच्या आदी?"

"हां. त्याच दिवशी दुपारी."

"पुरी? एखादा पान उडाला, कोनाच्या हाती लागला, असा तर न्हाय?"

"पुरी. पुठ्ठ्यासकट. मी उभा व्हतो."

"म्हंजे कोनी वाचलीच न्हाय ती?"

"मी वाचली. दुसऱ्या कोनी न्हाय."

तो नळाच्या कट्ट्यावर बसला आणि रडायला लागला. मोठ्याने, बाया रडतात तसा, तोंड न झाकता. मी त्याला एवढंच म्हणू शकलो की केसरी, मला मार, शिव्या दे. तो ऐकतच नव्हता. मग सदऱ्याने तोंड पुसून म्हणाला, "म्हंजे माज्या अक्षरानं न्हाय पकडला त्याला." पुन्हा एकदा म्हणाला, "माज्या अक्षरानं न्हाय." वही का जाळलीस, माझ्यावर संशय का घेतलास, तेरा महिने गप्प का राहिलास, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. मी अख्ख्या भिवंडीवर संशय घेत हिंडलो, आणि या माणसाने तेरा महिन्यांत एकाच माणसावर घेतला, तो स्वतःवर.

"मैना रोज बोलायची, तुमी न्हाय केला, तुमी न्हाय केला," तो म्हणाला. "मना वाटायचा, बायको हाय, आपली समजूत काढते."

आत लूम खडखडत होते. टेबलावर कापड अर्ध्या घडीत पडलं होतं. त्याने भिंतीला टेकवलेली सायकल घेतली.

"बस मागं," तो म्हणाला. "राहीबाईला सांगाया जायचा हाय. मी सांगितला तर ती खरा मानायची न्हाय. तू सांग."

मी म्हणालो, "पाळी सुटू दे, मग जाऊ."

"न्हाय," तो म्हणाला. "आता."

मी मागे बसलो. राहीबाईच्या दारात आम्ही दोघं उभे राहिलो तेव्हा तिने त्याच्याकडे बघून तोंड फिरवलं आणि मला म्हणाली, "या जावई, बसा." मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं.